टेलिव्हिजन : अर्धा ग्रीक आणि अर्धा लॅटिन शब्द सदोष मानावा का?

टाकबोरू (प्रश्न)

नमस्कार. विज्ञानविषयक लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांची एक छोटी सूची मी तयार करत आहे. प्रत्येक शब्दापुढे त्याची व्युत्पत्ती एक-दोन ओळींत द्यायची, असे ठरले आहे. ‘टेलिव्हिजन’पुढे मी ‘टेले म्हणजे दूर आणि विसिओ म्हणजे पाहणे’ एवढेच लिहिले होते. मसुदा वाचणाऱ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी त्यावर आक्षेप घेतला. पहिला घटक ग्रीक आहे, दुसरा लॅटिन आहे आणि दोन भाषांचे घटक एका समासात जोडणे हा शब्दघडणीतला दोष आहे, सबब सूचीत तसे स्पष्ट नमूद करावे, असे त्यांचे म्हणणे आहे. इंग्लंडमधील जुन्या पिढीतील विद्वानही या शब्दाला नावे ठेवत असत, असेही त्यांनी सांगितले.

माझे प्रश्न तीन आहेत. हा शब्द कोणी आणि केव्हा घडवला? दोन्ही घटक ग्रीक असलेला एखादा पर्याय त्या वेळी उपलब्ध होता का, आणि असल्यास तो का स्वीकारला गेला नाही? आणि अशा मिश्र शब्दांना ‘सदोष’ म्हणणे हे भाषाशास्त्रीय विधान आहे की निव्वळ अभिरुचीचा प्रश्न? ‘शब्द रूढ झाला आहे, म्हणून तो योग्य’ एवढ्या उत्तराने माझे समाधान होणार नाही, कारण तेवढे मलाही माहीत आहे.

मुळाक्षर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. १९०० साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते आणि त्याच निमित्ताने ऑगस्टमध्ये तेथे आंतरराष्ट्रीय विद्युत परिषद झाली. कॉन्स्टान्टिन पेर्स्की या रशियन गृहस्थांनी तिच्यात विजेच्या साहाय्याने दूरचे दृश्य पाहण्यासंबंधीचा निबंध फ्रेंच भाषेत वाचला आणि त्याच्या शीर्षकातच ‘तेलेव्हिझियाँ’ हा शब्द होता. या शब्दाचा हाच पहिला वापर मानला जातो. इंग्रजीत तो त्यानंतर काही वर्षांनी, १९०७च्या सुमारास, दिसू लागतो. म्हणजे शब्द योजणारा रशियन, शब्द घडला फ्रेंचमध्ये, आणि इंग्रजीने तो आयता उचलला. अथेन्स किंवा रोममधून तो थेट कोणीच आणलेला नाही.

दुसरा प्रश्न अधिक रंजक आहे, कारण निखळ ग्रीक पर्याय एक नव्हे, अनेक होते. ‘दूर’ आणि ‘पाहणे’ या दोन कल्पना ग्रीकमध्ये जोडायला गेले की पहिल्यांदा हाताशी येतो तो ‘टेलिस्कोप’. परंतु ती जागा तीनशे वर्षांपूर्वीच भरलेली होती. १६११ साली रोममध्ये गॅलिलिओच्या सन्मानार्थ फेदेरिको चेझी यांनी मेजवानी दिली, तेव्हा दुर्बिणीला हे नाव मिळाले आणि ते देमिसियानी नावाच्या ग्रीक विद्वानाने सुचवले, असे मानले जाते. गॅलिलिओ स्वतः त्याआधी दुर्बिणीला ‘पेर्स्पिकिल्लुम’ असे लॅटिन नाव वापरत होता. ते मागे पडले आणि ग्रीक नाव जगभर गेले.

तरीही लोकांनी प्रयत्न सोडला नाही. पाउल निपको या जर्मन तंत्रज्ञाने १८८४ साली भोके पाडलेल्या फिरत्या तबकडीने चित्राचे ठिपक्याठिपक्यांत विभाजन करण्याची जी युक्ती पेटंटसाठी मांडली, तिचे नाव त्याने ‘विद्युत टेलिस्कोप’ असेच ठेवले होते. त्याच्याही आधी, १८७८च्या अखेरीस, लंडनच्या ‘पंच’ या विनोदी नियतकालिकात एक व्यंगचित्र आले होते. लंडनमधील घरात बसलेले आईवडील भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सातासमुद्रापलीकडच्या आपल्या मुलीला खेळाच्या मैदानावर पाहत आहेत आणि तिच्याशी बोलत आहेत, असे ते चित्र होते. त्या काल्पनिक यंत्राचे नाव होते ‘टेलिफोनोस्कोप’. दूर, आवाज आणि पाहणे, तिन्ही घटक ग्रीक. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक १९०९ साली ‘टेलिफॉट’ हा शब्द वापरत होता. त्यातला ‘फॉट’ म्हणजे प्रकाश, तोही ग्रीक.

मग हे शब्द का टिकले नाहीत? माझ्या मते त्याचे कारण ‘व्हिजन’ या अर्ध्यात आहे. ‘टेलिस्कोप’मधील ‘स्कोप’ हा घटक ऐकला की डोळ्यांसमोर उपकरण येते. पेर्स्कींना उपकरणाचे नाव नको होते, त्यांना क्रियेचे नाव हवे होते. फ्रेंचमध्ये ‘व्हिझियाँ’ हा शब्द मध्ययुगापासून घरचा होता आणि ‘तेले’ हा उपसर्ग टेलिग्राफ व टेलिफोन यांच्यामुळे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा झाला होता. ज्यांना ग्रीक वा लॅटिन येत नव्हते त्यांनाही जोडशब्द पहिल्या वाचनात कळला. ‘टेलिफॉट’च्या बाबतीत तसे झाले नसते.

आता घटकांविषयी थोडे. ‘टेले’ हे ग्रीकमधील ‘दूर, लांबवर’ या अर्थाचे क्रियाविशेषण आहे. ‘विसिओ’ हे लॅटिन ‘विदेरे’ म्हणजे पाहणे या क्रियापदापासूनचे नाम आहे. धातूच्या शेवटी ‘द’ आहे आणि नामात ‘स’ दिसतो, हा बदल नियमित आहे. धातूच्या शेवटचा ‘द’ आणि प्रत्ययाच्या सुरुवातीचा ‘त’ एकत्र आले की लॅटिनमध्ये त्यांचा ‘स्स’ होतो आणि दीर्घ स्वरानंतर तो एकेरी ‘स’ उरतो. ‘सेदेरे’ म्हणजे बसणे, त्यावरून ‘सेशन’ हा शब्द येतो तोही याच वाटेने. त्यामुळे आपल्या सूचीत ‘विसिओ’चा अर्थ ‘पाहणे’ असा देताना मूळ धातू ‘विदेरे’ही द्यावा, असे मी सुचवीन. ‘व्हिडिओ’ हा शब्द त्याच धातूचा आहे, हे वाचकाला आपोआप कळेल.

दक्षिणायन

आपल्या स्नेह्यांनी सांगितलेला विरोधाचा इतिहास खरा आहे, आणि तो बराच लांबलचक आहे. ‘मँचेस्टर गार्डियन’चे १८७२ ते १९२९ अशी तब्बल ५७ वर्षे संपादक राहिलेले सी. पी. स्कॉट यांच्या नावावर एक वाक्य सांगितले जाते की, हा शब्द अर्धा ग्रीक आणि अर्धा लॅटिन आहे, यातून काही भले व्हायचे नाही. ते वेगवेगळ्या शब्दरूपांत उद्धृत होते, म्हणून सूचीत घेणार असाल तर ‘असे म्हटल्याचे सांगतात’ या पलीकडे जाऊ नये. त्या विनोदातला टोला शब्दाला कमी आणि यंत्राला जास्त आहे, असे मला वाटते.

पण ही तक्रार टेलिव्हिजनपासून सुरू झालेली नाही. ऑग्युस्त कोंत यांनी १८३९ साली ‘सोसिओलॉजी’ हा शब्द छापील लेखनात रूढ केला. त्यातला ‘सोकियुस’ म्हणजे सोबती हा घटक लॅटिन आणि ‘लोगोस’ ग्रीक. जॉन स्टुअर्ट मिल यांनी चारच वर्षांनी तो वापरताना ‘रानटी, पण सोयीचा’ अशा अर्थाची मल्लिनाथी केली आणि वापरला मात्र बिनदिक्कत. ‘सायंटिस्ट’ हा शब्द विल्यम ह्यूएल यांनी १८३४ साली एका परीक्षणात मांडला. पुढे साठ वर्षे तो इंग्लंडमधील प्रतिष्ठित वैज्ञानिकांना सहन होत नव्हता. टी. एच. हक्सली यांनी १८९४ साली लिहिले की, ज्याला इंग्रजी भाषेविषयी आदर आहे त्याला हा शब्द ‘इलेक्ट्रोक्यूशन’ इतकाच गोड वाटेल. हा टोमणा नेमका होता, कारण ‘इलेक्ट्रोक्यूशन’ची घडण खरोखरच विचित्र आहे. ‘एक्झिक्यूशन’ या शब्दाचे डोके उडवून उरलेले धड ग्रीक ‘एलेक्ट्रॉन’ला चिकटवले आहे, आणि त्या ‘क्यूशन’ला स्वतंत्रपणे काहीच अर्थ नाही.

१९२६ साली हेन्री फाउलर यांनी इंग्रजीच्या वापराविषयीचा आपला प्रसिद्ध कोश काढला, तेव्हा त्यात अशा शब्दांची वेगळी नोंद केली. तिच्यात ‘ब्युरॉक्रसी’, ‘स्पीडॉमीटर’, ‘अमॉरल’ अशी नावे आहेत आणि ‘कोस्टल’सुद्धा आहे. हे शेवटचे उदाहरण मला विशेष आवडते. ‘कोस्ट’ हा शब्द लॅटिन ‘कोस्ता’ म्हणजे बरगडी, कड, यावरूनच आला आहे. परंतु तो इंग्रजीत इतका मुरला की त्याचे रूप बदलले आणि त्या बदललेल्या रूपाला लॅटिन प्रत्यय लावणे फाउलरना खटकले. शुद्ध रूप ‘कॉस्टल’ व्हायला हवे होते. पण त्या शब्दाचा अर्थ शरीरशास्त्रात ‘बरगड्यांचा’ असा आधीपासून ठरलेला आहे! नियम पाळायचा तर किनारपट्टीला बरगडी म्हणावे लागले असते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दोन्ही घटक ग्रीक असले म्हणजे पंडितांचे समाधान होत होते, असेही नाही. ‘टेलिग्राम’ हा शब्द १८५२ साली अमेरिकेत निघाला आणि १८५७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यावर वादाची पत्रे छापून आली. ग्रीक व्याकरणानुसार ‘टेलिग्राफ’वरून येणारे नाम ‘टेलिग्राफीम’ असे व्हायला हवे, असा ग्रीक जाणणाऱ्यांचा आग्रह होता. तो बरोबरही होता. आजच्या ग्रीसमध्ये तारेला ‘तिलेग्राफिमा’ म्हणतात. बाकीच्या जगाने मात्र त्यांचे ऐकले नाही.

ग्रीस निघालाच आहे म्हणून सांगतो. आधुनिक ग्रीकने हे मिश्र शब्द जसेच्या तसे घेतले नाहीत. त्यांतला लॅटिन अर्धा काढून तिथे स्वतःचा बसवला. टेलिव्हिजनला ते ‘तिलेओरासी’ म्हणतात, त्यातली ‘ओरासी’ म्हणजे दृष्टी. ऑटोमोबाइलचे ‘आफ्तोकिनितो’ झाले, सोसिओलॉजीचे ‘किनोनिओलोयिया’. म्हणजे स्कॉट साहेबांना हवा होता तसा शब्द जगात आहे, आणि तो रोज लाखो लोकांच्या तोंडी आहे. तो फक्त इंग्रजीत नाही.

नाडीपरीक्षा

मी भाषेचा अभ्यासक नाही, वैद्यकीय व्यवसायात आहे. आमच्याकडे हा वाद एका शब्दावरून खरोखर झाला होता आणि त्यातून ‘सदोष’ या विशेषणाविषयी काही निष्कर्ष निघतो, म्हणून लिहीत आहे.

तो शब्द म्हणजे ‘अपेंडिसायटिस’. ‘अपेंडिक्स’ म्हणजे लटकणारी जोड, हा लॅटिन शब्द. ‘आयटिस’ हा ग्रीक प्रत्यय. (या प्रत्ययाचा मूळ अर्थ ‘दाह’ नाहीच. ते केवळ ‘अमुक अवयवाची’ असे स्त्रीलिंगी विशेषण आहे आणि त्यापुढे ‘नोसोस’ म्हणजे व्याधी हे ग्रीकमधील स्त्रीलिंगी नाम गृहीत असे. ‘आर्थ्रायटिस’ म्हणजे ‘सांध्यांची’ व्याधी. दाहाचा अर्थ नंतर चिकटला.) बॉस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ साली एक निबंध वाचला आणि पोटाच्या उजव्या खालच्या भागातल्या जीवघेण्या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा आंत्रपुच्छात असते, हे शवविच्छेदनांच्या आधारे दाखवून दिले. ‘अपेंडिसायटिस’ हे नाव तेव्हापासून रुळले.

त्याआधी या दुखण्याला नाव नव्हते, असे नाही. ‘पेरिटिफ्लायटिस’ हे अगदी सोवळे ग्रीक नाव होते. ‘पेरि’ म्हणजे भोवती आणि ‘टिफ्लॉस’ म्हणजे आंधळा. मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग एका बाजूने बंद असतो, म्हणून त्याला लॅटिनमध्ये ‘आंधळे आतडे’ म्हणत, आणि ‘टिफ्लॉस’ हा त्याचाच ग्रीक अनुवाद. व्याकरणाच्या दृष्टीने या शब्दात खोट काढायला जागा नाही. परंतु तो सांगतो ते वैद्यकदृष्ट्या चुकीचे आहे, कारण दोष आंधळ्या आतड्याभोवती नसून त्याला लोंबणाऱ्या करंगळीएवढ्या पुच्छात असतो. नावामुळे लक्ष चुकीच्या जागी राहिले, असे म्हणायला वाव आहे. फिट्झ यांच्या निबंधानंतर शस्त्रक्रिया लवकर करण्याकडे कल वाढला आणि धेडगुजरी म्हणून हिणवला गेलेला शब्द रोग नेमका कुठे आहे ते सांगू लागला.

‘ऑक्सफर्ड’च्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या पहिल्या आवृत्तीत हा शब्द नाही. त्या वर्णाक्षरांचा भाग १८८५च्या सुमारास तयार होत होता आणि वैद्यकातले असे शब्द कितपत घ्यावेत याबद्दल संपादक साशंक होते. पुढे १९०२ साली सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जूनला व्हायचा होता, तो दोन दिवस आधी याच दुखण्यामुळे पुढे ढकलावा लागला. शस्त्रक्रिया झाली आणि राज्याभिषेक ९ ऑगस्टला पार पडला. एका रात्रीत तो शब्द साऱ्या साम्राज्याच्या तोंडी गेला, आणि नव्या कोऱ्या कोशात तो शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नव्हते.

आमच्या परिभाषेत असे सांधे जागोजागी आहेत, कारण अवयवांची नावे प्रामुख्याने लॅटिन आणि रोगांची नावे प्रामुख्याने ग्रीक, अशी विभागणी जुनी आहे. मूत्रपिंडासाठी दोन्ही भाषांतले शब्द हाताशी होते म्हणून ‘रीनल’ आणि ‘नेफ्रायटिस’ वेगळे राहू शकले. टॉन्सिल आणि सायनस यांच्या बाबतीत तसे झाले नाही, आणि ‘टॉन्सिलायटिस’ व ‘सायनसायटिस’ लिहिताना आज कोणाही डॉक्टरचा हात अडखळत नाही.

टाकबोरू

सर्वांचे मनापासून आभार. पेरिटिफ्लायटिसचे उदाहरण माझ्या स्नेह्यांना वाचून दाखवले. त्यांनी ते मान्य केले, परंतु त्यांचा एक प्रतिप्रश्न आहे. त्यांच्या मते ही गल्लत आधुनिक युरोपीय लोकांनी केली. ज्यांच्या या भाषा होत्या त्या प्राचीन लोकांनी असे शब्द कधीच घडवले नसते. यावर काही पुरावा देता येईल का?

अनुष्टुभ

पुरावा आहे, आणि तो रोमच्या सर्वांत मान्यवर भाषाशिक्षकाचा आहे. क्विंटिलियन हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला वक्तृत्वाचा आचार्य. वक्त्याच्या शिक्षणावरील आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात तो समासांचा विचार करतो आणि समास कोणकोणत्या प्रकारे होतात ते मोजतो. दोन्ही घटक आपले, दोन्ही परके, एक आपला व एक परका, असे प्रकार तो सांगतो आणि मिश्र समासांची उदाहरणे देतो. ‘बिक्लिनियुम’ म्हणजे दोघांचा भोजनमंच, यात ‘बि’ लॅटिन आणि ‘क्लीने’ म्हणजे मंचक हा ग्रीक. ‘एपितोगियुम’ म्हणजे टोग्यावरून घ्यायचे वस्त्र, यात ‘एपि’ ग्रीक आणि टोगा तर रोमची ओळखच. ‘अँटिकेटो’ हे ज्यूलियस सीझरने केटोच्या विरोधात लिहिलेल्या पुस्तकाचे नाव, त्यात ग्रीक ‘अँटि’ आणि रोमन माणसाचे नाव. सीझरला लॅटिन येत नव्हते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही!

त्याच ठिकाणी तो ‘एपिराएदियुम’ हा शब्द घेतो. गाडी जोडण्याच्या साजाशी त्याचा संबंध आहे. ‘एपि’ ग्रीक आहे आणि ‘राएदा’ ही चारचाकी गाडी मूळची गॉल लोकांची. क्विंटिलियन म्हणतो की हा समास ना ग्रीक माणूस वापरतो, ना गॉल. रोमनांनी दोन्ही परक्या वस्तूंतून आपली वस्तू केली. यात त्याचा निषेधाचा सूर नाही, उलट काहीसे कौतुकच आहे. टेलिव्हिजनची गोष्ट याहून वेगळी नाही. तो समास ग्रीकांचा नाही आणि रोमनांचाही नाही, फ्रेंचांनी तो आपला म्हणून केला आणि इंग्रजीने त्यांच्याकडून घेतला.

एक जोड द्यावीशी वाटते. ग्रीक आणि लॅटिन या एकमेकींना परक्या असलेल्या भाषा नव्हेत, एकाच कुळातल्या बहिणी आहेत. लॅटिन ‘विदेरे’मधला धातू ग्रीकमध्येही आहे. ‘आयडिया’ हा शब्द त्याच धातूचा, कारण ‘इदेआ’चा मूळ अर्थ दिसणारे रूप असा आहे, ग्रीकमध्ये शब्दाच्या आरंभीचा ‘व’ लोपला म्हणून नाते चटकन ओळखू येत नाही. संस्कृतमधला ‘विद्’ हाही त्याच मुळाचा. संस्कृत ‘वेद’ आणि ग्रीक ‘ओइदा’ ही दोन्ही क्रियारूपे ‘मी जाणतो’ अशा अर्थाची आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी ‘पाहिले आहे, म्हणून जाणतो’ ही कल्पना आहे. तेव्हा ‘व्हिजन’चा तुकडा काढून त्या जागी ग्रीक तुकडा बसवायचा आग्रह धरला, तरी धातू तोच निघू शकतो.

कर्कटक

छोटीशी पुस्ती. शाळेच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर हा ‘दोष’ छापलेला असतो. फ्रान्समध्ये १७९५च्या कायद्याने मेट्रिक मापनाची नावे ठरली, तेव्हा पटीसाठी ग्रीक उपसर्ग आणि भागांसाठी लॅटिन उपसर्ग घ्यायचे, असे धोरण होते. ‘मेट्रॉन’ म्हणजे माप हा शब्द ग्रीक असल्यामुळे किलोमीटर निखळ ग्रीक झाला आणि सेंटिमीटर व मिलिमीटर मिश्र झाले. ही मिसळ विचारपूर्वक केलेली आहे. उपसर्गाची भाषा पाहून माप मोठे की लहान ते कळावे, हाच तिचा हेतू होता. संगणकातल्या सोळाच्या पायावरील अंकपद्धतीचे ‘हेक्झाडेसिमल’ हे नाव असेच ग्रीक सहा आणि लॅटिन दहा यांना जोडून केलेले आहे. सोळासाठी लॅटिनमध्ये ‘सेदेकिम’ असा सरळ शब्द असतानाही.

निळी शाई

बहुमत एका बाजूला झुकलेले दिसते, म्हणून दुसरी बाजू मांडतो. जुन्या पंडितांचा आग्रह केवळ सोवळेपणाचा नव्हता. घटक कोणत्या भाषेतला आहे हे माहीत नसले तर अर्थाचा अनर्थ होतो, आणि एकाच शब्दात भाषा मिसळल्या की तो धोका वाढतो. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द १८६९ साली कार्ल मारिया केर्टबेनी यांनी जर्मनमध्ये छापला. त्यातला ‘होमो’ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘समान’ असा आहे. पण पुढचा भाग लॅटिन असल्यामुळे वाचक ‘होमो’ही लॅटिन समजतो, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मनुष्य’ असा होतो. हा गैरसमज मी सुशिक्षित लोकांच्या लेखनात वाचला आहे. ग्रीक ‘पाइस’ म्हणजे मूल आणि लॅटिन ‘पेस’ म्हणजे पाऊल, दोन्ही इंग्रजीत ‘पेड’ होऊन बसतात. ‘अँटिसिपेट’मधला ‘अँटि’ विरोधाचा ग्रीक ‘अँटि’ नव्हे, तो ‘आधी’ या अर्थाचा लॅटिन ‘अँटे’ आहे. म्हणून सूचीत प्रत्येक घटकापुढे भाषेचे नाव अवश्य द्यावे.

मुळाक्षर

निळी शाई यांच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे, त्यांच्या निष्कर्षाशी मात्र नाही. त्यांनीच दिलेला ‘अँटिसिपेट’ पाहा. तो संपूर्ण लॅटिन आहे, मिश्र नाही, तरीही फसवतो. गोंधळ होतो तो दोन भाषांतले घटक इंग्रजीत येता येता सारखे दिसू लागल्यामुळे, आणि शब्दाची घडण निखळ असली तरी तो टळत नाही. ‘टेले’च्या बाबतीत असा जुळा घटक लॅटिनमध्ये नसल्यामुळे आपल्या शब्दापुरता हा धोका संभवत नाही.

एक आणखी. एकदा शब्द रुळला की घटकाचा अर्थ मूळ भाषेतला राहत नाही. ‘टेलिमार्केटिंग’मधला ‘टेलि’ म्हणजे फोन, आणि अमेरिकेत टीव्हीवरून प्रवचने देणाऱ्या धर्मोपदेशकांना ‘टेलिव्हँजेलिस्ट’ म्हणतात त्यातला ‘टेलि’ म्हणजे टीव्ही. त्यात ‘दूर’ कुठेच नाही. असा घटक आता ग्रीक आहे म्हणण्यापेक्षा इंग्रजी आहे म्हणणे अधिक योग्य.

वऱ्हाडची वाट

मुळाक्षर यांच्या शेवटच्या मुद्द्याला आपल्याकडचे उदाहरण देतो. ‘ऑटोरिक्षा’तला ‘ऑटो’ हा ग्रीक ‘स्वतः’ या अर्थाचा, परंतु आपल्यापर्यंत तो ‘ऑटोमोबाइल’ या ग्रीक-लॅटिन मिश्र शब्दाचा तुटलेला तुकडा म्हणून आला. ‘रिक्षा’ हा जपानी ‘जिन-रिकि-शा’चा उरलेला भाग, त्याचे तीन घटक अनुक्रमे माणूस, शक्ती आणि वाहन. त्यातला माणूस गळाला, आणि बरे झाले, कारण आता ओढायला माणूस लागत नाही. पुण्या-मुंबईकडे लोक मागचा अर्धा ठेवून ‘रिक्षा’ म्हणतात, आमच्या नागपूर-अमरावतीकडे पुढचा अर्धा ठेवून ‘ऑटो’ म्हणतात. दोन्हीकडे गाडी तीच येते.

शिवाय आपल्या स्नेह्यांना एवढेच विचारावे की ‘जिल्हाधिकारी’ या शब्दाचे काय करायचे? ‘जिल्हा’ अरबी, ‘अधिकारी’ संस्कृत, आणि दोघांच्या मध्ये पाणिनीच्या नियमाने झालेला दीर्घ संधी. ‘सरन्यायाधीश’मधला ‘सर’ फारसी आहे, ‘गैरव्यवहार’मधला ‘गैर’ अरबी. यांतला कोणताही शब्द सरकारी कागदातून सदोष म्हणून परत आल्याचे ऐकिवात नाही.

टाकबोरू

सर्वांचा ऋणी आहे. आता नोंद नेमकी कशी लिहावी एवढेच उरले आहे. मिश्र असल्याचा उल्लेख ठेवावा की वगळावा?

मुळाक्षर

उल्लेख अवश्य ठेवावा, कारण ती माहिती आहे. ‘सदोष’ हा शेरा वगळावा, कारण तो अभिप्राय आहे. मी नोंद अशी लिहिली असती : ‘टेलिव्हिजन. फ्रेंचमध्ये १९०० साली घडलेला शब्द, इंग्रजीमार्गे मराठीत. ग्रीक टेले, दूर. लॅटिन विदेरे, पाहणे, या धातूपासून विसिओ, दर्शन. मिश्र समास.’ सूचीत ‘ऑटोमोबाइल’, ‘सोसिओलॉजी’ आणि ‘सेंटिमीटर’ हे शब्द असतील, तर त्यांच्यापुढेही ‘मिश्र समास’ असे लिहायला विसरू नये, म्हणजे एकट्या टेलिव्हिजनवर अन्याय होणार नाही.